कमी दाबाच्या बातमीत तीन ओळी वाढवा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकाच्या पहिल्या पानावर बातमी होती की समुद्राचं पाणी ३० अंशांवर गेलं आहे, त्याच पाण्यावर कमी दाबाचं क्षेत्र आलं आहे आणि त्यामुळे चक्रीवादळ अटळ आहे. होणाऱ्या वादळाचं नावही छापून टाकलं होतं. तीन दिवसांनी ते क्षेत्र भर समुद्रात विरून गेलं. विरल्याची बातमी मी शोधून काढली. आतल्या पानावर तळाशी दोन ओळी होत्या. का विरलं, याबद्दल त्यात अक्षरही नव्हतं. पाणी तर त्या तीन दिवसांत तसूभरही गार झालं नव्हतं.

मी ३१ वर्षं व्यापारी जहाजांवर नोकरी केली. त्यातली सात वर्षं सेकंड ऑफिसर होतो. सेकंड ऑफिसरची वॉच, म्हणजे पहाऱ्याची पाळी, बारा ते चार, दुपारची आणि पहाटेची. वॉच संपताना बॅरोमीटर, वारा, ढग, लाटा आणि पाण्याचं तापमान लॉगबुकात भरायचं. पाणी मोजायला कॅनव्हासची बादली दोरीला बांधून समुद्रात सोडायची, ओढून घ्यायची, सावलीत धरायची आणि वाऱ्यानं पाणी गार व्हायच्या आत थर्मामीटर वाचायचा. उष्ण कटिबंधात मी २८, २९, ३० हे आकडे हजारदा तरी लिहिले असतील. त्यातल्या किती दिवशी जवळपास वादळ झालं हे मोजायला दोन्ही हातांची बोटं पुरतात. म्हणून ‘पाणी तापलं, आता वादळ’ हे वाक्य छापलेलं दिसलं की मला स्वस्थ बसवत नाही आणि आज हे लांबलचक पत्र लिहायला घेतलं.

पाण्याचं महत्त्व मी कमी करत नाही. फिनलंडचे हवामानशास्त्रज्ञ एरिक पाल्मेन यांनी १९४८ मध्येच दाखवून दिलं होतं की अशी वादळं जन्माला येतात ती साधारण २६-२७ अंशांहून गरम पाण्यावर. आज २६.५ हा आकडा सगळीकडे वापरतात. कारणही सरळ आहे. गरम पाण्याची वाफ होते, ती वर जाते, वर गार हवेत तिचं पुन्हा पाणी होतं, आणि शाळेत ज्याला आपण अप्रकट उष्मा म्हणून शिकलो तो तिथे बाहेर पडतो. एक किलो वाफेमागे सुमारे २५ लाख ज्यूल. त्या उष्णतेनं वरची हवा हलकी होते, खालचा दाब उतरतो, दाब उतरला की चहूकडून वारा आत धावतो आणि वारा जोरात वाहिला की समुद्रावरून आणखी वाफ उचलली जाते. हे चक्र एकदा धरलं की स्वतःच स्वतःला पोसतं. हवा एका अंशानं तापली तर तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त बाष्प मावतं, त्यामुळे तापत्या समुद्राची काळजी रास्तच आहे.

सगळा प्रश्न त्या ‘एकदा धरलं की’ या शब्दांत आहे. बहुतेक वेळा ते चक्र धरतच नाही. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून दरवर्षी सुमारे ६० हवेच्या लाटा अटलांटिकवर उतरतात. त्या जातात तेच गरम पाणी ओलांडून, तरी वादळ होतात त्यांतल्या थोड्याच. बाकीच्यांचं काय होतं हे वाचकाला सांगितलं, तर एखादी लाट वादळ का झाली हेही त्याला आपोआप कळेल.

माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं एक सांगतो. आम्ही एका कमी दाबाच्या क्षेत्राच्या कडेनं चाललो होतो. बादलीत पाणी २९.५. पहाटेची वॉच संपल्यावरही उजाडेपर्यंत ब्रिजच्या पंखावर, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीबाहेरच्या उघड्या सज्जात, थांबलो होतो. खालचे कापसासारखे ढग नैर्ऋत्येकडून पळत होते आणि त्यांच्या खूप वर, पिसांसारखे पांढरे ढग नेमके उलट दिशेला ओढले जात होते. गडगडाटी ढगांचा मोठा ढीग एका बाजूला लांब गेला होता, आणि जिथे वाऱ्याचा भोवरा असायला हवा तिथे डोक्यावर जवळजवळ मोकळं आकाश. कॅप्टन वर आले, एकदा वर पाहिलं, एकदा खाली पाहिलं आणि म्हणाले, “याचं डोकं एकीकडे, धड दुसरीकडे. हे उभं राहणार नाही.” दुसऱ्या दिवशी दुपारी हवामानाच्या संदेशात ते क्षेत्र नव्हतंच.

हवामानशास्त्रात याला विंड शिअर म्हणतात. खालचा वारा आणि दहा-बारा किलोमीटर उंचीवरचा वारा यांच्या दिशेत आणि वेगात जो फरक असतो तो. फरक साधारण २० नॉटच्या, म्हणजे ताशी ३७ किलोमीटरच्या वर गेला की कोवळ्या भोवऱ्याला तो सोसत नाही. लहानपणी भोवरा फिरवलेल्या कुणालाही हे समजेल. आस सरळ असेल तर भोवरा एका जागी घुमत राहतो, कलली की भेलकांडून पडतो. वादळातही ढगांनी सोडलेली उष्णता नेमकी केंद्राच्या माथ्यावर साचायला हवी. वरचा वारा तिला बाजूला वाहून नेत असेल तर खालचा दाब उतरायला कारणच उरत नाही, मग खाली समुद्र कितीही तापलेला असो.

यासाठी मोठं उदाहरण आपल्या दोन्ही बाजूंच्या समुद्रांचंच आहे. जुलैमध्ये बंगालचा उपसागर गरम असतो, ओलावा भरपूर असतो, कमी दाबाची क्षेत्रंही एकामागून एक तयार होतात. तरी जुलैमध्ये मोठं चक्रीवादळ जवळपास होत नाही. कारण मोसमी काळात खाली जोरदार पश्चिमेचा वारा आणि वर पूर्वेकडून धावणारा वेगवान झोत असतो. म्हणून आपल्याकडे चक्रीवादळांचे मोसम दोन, मोसमी पावसाच्या आधीचा आणि नंतरचा, आणि मधले महिने बहुतेक मोकळे. नुसत्या पाण्याच्या तापमानावर सगळं ठरत असतं तर हे अंतर पडलंच नसतं.

आता त्या बादलीकडे परत येतो. बादलीत यायचं ते वरचं हातभर पाणी. उपग्रह मोजतो ती तर नुसती त्वचा. आपल्या बातमीतला ३० चा आकडा त्या त्वचेचा होता. पण वादळ आलं की ते समुद्र घुसळतं आणि खालचं गार पाणी वर आणतं. एकदा एका वादळामागून दोन दिवसांनी आम्ही त्याच्या वाटेवरून गेलो. आदल्या वॉचला मी २९ लिहिलं होतं, वाट ओलांडताना २६ आलं, पलीकडे गेल्यावर पुन्हा २९. मला वाटलं थर्मामीटर बिघडला, म्हणून तीन वेळा बादली टाकली. आकडा तोच. वादळानं स्वतःच्या पायाखालची चूल विझवत नेली होती. वादळ सावकाश चाललं किंवा एका जागी घोटाळलं, तर हे विझवणं त्याच्या स्वतःच्याच अंगावर येतं.

त्यामुळे विचारायला हवं ते हे की गरम पाणी किती खोलवर आहे. ५०-६० मीटरपर्यंत २६ अंशांच्या वर असेल तर घुसळूनही गरमच पाणी वर येतं. २००५ मध्ये कतरिना हे वादळ मेक्सिकोच्या आखातातल्या लूप करंट नावाच्या खोल, उष्ण प्रवाहावरून गेलं आणि तिथे पाचव्या, म्हणजे सर्वांत वरच्या श्रेणीला पोहोचलं. बंगालच्या उपसागरात आणखी एक गोष्ट घडते. गंगा-ब्रह्मपुत्रेसारख्या नद्या इतकं गोडं पाणी आणून टाकतात की वर हलक्या पाण्याचा थर तरंगत राहतो आणि खालचं गार, खारं पाणी सहजी वर येऊ शकत नाही. चूल विझत नाही ती अशी. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था समुद्रात साठलेल्या या उष्णतेचे नकाशे काढते. वर्तमानपत्रानं पृष्ठभागाच्या तापमानाशेजारी त्या नकाशातली एक ओळ दिली तरी वाचकाच्या ज्ञानात मोठी भर पडेल.

आणि २६.५ हा आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नव्हे. मार्च २००४ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्यावर ‘कातारिना’ नावाचं, वरच्या कतरिनाशी संबंध नसलेलं, हरिकेन (अटलांटिककडे मोठ्या चक्रीवादळाला म्हणतात) आदळलं. त्या दक्षिण अटलांटिकमध्ये अशी वादळं जवळजवळ होत नाहीत, कारण तिथे वरचे वारे जोराचे असतात. त्या दिवसांत ते वारे मंदावले होते. पाणी काही फार गरम नव्हतं. एक अट चांगली जुळली आणि दुसरीची उणीव भरून निघाली.

कोरड्या हवेबद्दल आपल्या बातम्यांत मी कधी वाचलं नाही, आणि माझ्या मते निम्म्या वेळा निकाल तीच लावते. जहाजाच्या धुराड्यात वाटेत कुठे भोक पडलं तर ओढ कमी होते. तसंच इथे. वाळवंटाकडून आलेली कोरडी हवा तीन-चार किलोमीटर उंचीवर ढगांत घुसली की पावसाचे थेंब वाटेतच सुकतात, सुकताना आजूबाजूची हवा गार होते, गार हवा जड होऊन खाली कोसळते आणि समुद्रावरून येणाऱ्या उबदार, ओल्या वाऱ्याची वाट बंद करते. ऑगस्ट २०२४ मधलं ‘असना’ आठवा. त्यात दोन्ही बाजू एकाच आठवड्यात दिसल्या. सौराष्ट्र-कच्छवर, चक्क जमिनीवर असलेलं तीव्र डिप्रेशन (चक्रीवादळाच्या आधीची पायरी) ३० ऑगस्टला अरबी समुद्रात उतरलं आणि चक्रीवादळ झालं. ऑगस्टमध्ये अरबी समुद्रात चक्रीवादळ ही फार दुर्मीळ गोष्ट; त्याआधीचं १९७६ मधलं होतं. मग पश्चिमेला ओमानच्या दिशेनं जाता जाता कोरड्या हवेनं त्याला गाठलं आणि किनाऱ्यावर पोहोचायच्या आधीच ते समुद्रात ढासळलं. पाण्यावर आलं म्हणून वाढलं हे खरं, आणि पाण्यावर असूनही विरलं हेही तितकंच खरं.

भोवरा घुमायला पृथ्वीच्या फिरण्याचा हातभारही लागतो, तो विषुववृत्तावर मिळत नाही. म्हणून जिथे मी सर्वांत जास्त वेळा ३० लिहिलं त्या विषुववृत्ताच्या पट्ट्यात आम्हा खलाशांना वादळाची भीती नसे. डिसेंबर २००१ मध्ये सिंगापूरजवळ जेमतेम दीड अक्षांशावर ‘वामेई’ झालं तेव्हा जुने जुने कॅप्टन नकाशा पुन्हा पुन्हा पाहत होते.

पाण्यावर सगळं ठरत नाही याचा अलीकडचा पुरावा हवा असेल तर २०२४ चा अटलांटिक पाहा. पाणी विलक्षण तापलेलं होतं, सगळ्या जगाला भरगच्च मोसमाची अपेक्षा होती. आणि ऑगस्टच्या मध्यापासून ९ सप्टेंबरला ‘फ्रान्सिन’ला नाव मिळेपर्यंत, म्हणजे ऐन मोसमात, एकाही नव्या वादळाला नाव मिळालं नाही. लोक म्हणू लागले की अंदाज फसला. मग ऑक्टोबरमध्ये त्याच पाण्यानं ‘मिल्टन’ला एका दिवसात उचललं. ६ तारखेला जेमतेम हरिकेन, ७ तारखेला पाचव्या श्रेणीचं. आणि फ्लोरिडाजवळ येताना वरच्या वाऱ्यांनी धरल्यावर तेच मिल्टन ९ तारखेला तिसऱ्या श्रेणीत उतरून किनाऱ्यावर आलं. एकाच वादळाच्या आयुष्यातले हे चार दिवस, आणि त्यांत पाणी, वारा दोघांचाही हात दिसतो.

इथे कुणी म्हणेल, मग काका, घाबरू नका असंच सांगताय ना? अजिबात नाही. मी नेमकं उलटही पाहिलं आहे आणि त्याची धास्ती मला जास्त आहे.

सगळ्या अटी एकदम जुळल्या तर कमकुवत क्षेत्राला वाढायला आठवडा लागत नाही. २४ तासांत वाऱ्याचा वेग ३० नॉट, म्हणजे सुमारे ५५ किलोमीटर वाढला तर त्याला जलद तीव्रता म्हणतात. ऑक्टोबर २०१५ मध्ये मेक्सिकोच्या बाजूला ‘पॅट्रिशिया’ एका दिवसात याच्या तिप्पट वाढलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘ओटिस’ २४ तारखेला सकाळी साधं उष्णकटिबंधीय वादळ होतं आणि त्याच मध्यरात्रीनंतर अकापुल्को शहरावर पाचव्या श्रेणीचं होऊन कोसळलं. संगणकाच्या प्रारूपांना एवढ्या वाढीची कल्पना आली नव्हती. लोक झोपायला गेले तेव्हा त्यांच्या हातात असलेली माहिती आणि पहाटे बाहेर असलेलं वादळ, दोन्हींचा मेळ नव्हता.

‘ओखी’ तर आपलंच. २९ नोव्हेंबर २०१७ च्या सकाळी श्रीलंकेजवळ डिप्रेशन, आणि ३० च्या सकाळी कन्याकुमारीजवळच्या कोमोरिनच्या समुद्रात चक्रीवादळ. मधे एक रात्र. केरळ आणि तमिळनाडूचे मच्छीमार तोपर्यंत खोल समुद्रात पोहोचले होते, आणि खोल समुद्रात गेलेल्या छोट्या बोटीला परत यायला एक रात्र पुरत नाही. कित्येक परत आलेच नाहीत. डिप्रेशन हा शब्द ऐकून ‘अजून वादळ कुठे झालंय’ असं म्हणायची सवय आपल्याला कुणी लावली, हा प्रश्न मी तेव्हापासून स्वतःला विचारतो आहे. उत्तरात बातम्या देणाऱ्या आपल्या सर्वांचा, आणि त्या वाचणाऱ्या माझ्यासारख्यांचाही वाटा आहे. तीनदा ‘अटळ’ छापलं आणि तीनदा काही झालं नाही, तर चौथ्यांदा ओखीसारखं काही आलं तर बोट कोण मागे वळवील?

‘हार्वी’चंही सांगायला हवं, कारण ‘विरलं’ हा शब्दसुद्धा जपून वापरायला हवा. ऑगस्ट २०१७ मध्ये हार्वी कॅरिबियन समुद्रात मोडलं, त्याच्यावरची निवेदनं थांबवण्यात आली, नुसती हवेची लाट उरली. ती लाट मेक्सिकोचं युकातान द्वीपकल्प ओलांडून मेक्सिकोच्या आखातात उतरली, २३ तारखेला पुन्हा डिप्रेशन झाली आणि अडीच दिवसांत चौथ्या श्रेणीचं हरिकेन होऊन टेक्सासला धडकली. पुढे वारा ओसरला तरी ते जागचं हललं नाही आणि एका ठिकाणी १,५३९ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्या पावसाच्या मोठ्या भागात ते नावाला साधं वादळ होतं.

वाऱ्याच्या आकड्यावरून ‘कमकुवत’ म्हणून सोडून द्यायची चूक आमच्या जहाजावरही झाली. किनाऱ्यावरच्या कार्यालयाचा संदेश होता की पुढे नुसता कमी दाब आहे, वाढण्याची चिन्हं नाहीत, मार्ग बदलू नका. उष्ण कटिबंधात बॅरोमीटर रोज श्वास घेतल्यासारखा वर-खाली होतो, दहाच्या सुमाराला वर, चारला खाली. माझी वॉच चारला संपायची, त्यामुळे तो तळाचा आकडा मला तोंडपाठ असे. ही रोजची भरती-ओहोटी वजा करूनही दाब नेहमीपेक्षा ३ हेक्टोपास्कल (हवेचा दाब मोजायचं एकक) खाली गेला तर खलाशानं सावध व्हावं आणि ५ नं खाली गेला तर वादळ जवळच आहे असं समजावं, हा आमच्या पुस्तकातला जुना नियम. त्या दुपारी माझा हिशेब ४ आला. मी सांगितलं, नोंद केली, पण मार्ग बदलला नाही. संदेश खरा ठरला. ते क्षेत्र वादळ झालं नाही, त्याला कधी नाव मिळालं नाही. पण त्याच्या एका गडगडाटी ढगाखालून जाताना वाऱ्याचा असा झपाटा आला आणि बाजूनं अशी लाट चढली की डेकवर दोर आवळायला गेलेला आमचा बोसन, म्हणजे खलाशांचा मुकादम, हॅचवर, म्हणजे मालाच्या कोठाराच्या झाकणावर आपटला. खांद्याचं हाड मोडलं. बंदर चार दिवस लांब होतं. ते चार दिवस त्याच्या केबिनमधून येणारा आवाज मी अजून विसरलेलो नाही. तो माणूस वाढलेल्या वादळानं जखमी झाला नव्हता. न वाढलेल्यानं झाला होता.

तेव्हा ‘हे क्षेत्र वाढेल का’ हा प्रश्न महत्त्वाचा आहेच, पण त्याचं उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असं देता येत नाही. सुदैवानं ते तसं देण्याची गरजही नाही, कारण नेमकं उत्तर रोज तयार मिळतं. भारतीय हवामान विभागाचं दिल्लीचं केंद्र दोन्ही समुद्रांसाठी दररोज निवेदन काढतं. त्यात पुढच्या सात दिवसांत त्या क्षेत्राचं डिप्रेशन होण्याची शक्यता किती, हे दिवसागणिक लिहिलेलं असतं. १ ते ३३ टक्के म्हणजे कमी, ३४ ते ६७ मध्यम, ६८ पासून पुढे जास्त. त्याच निवेदनात समुद्राचं तापमान, साठलेली उष्णता, वरच्या-खालच्या वाऱ्यांतला फरक हे सगळं ओळीनं दिलेलं असतं. आपली ती ‘अटळ’ची बातमी आली त्या दिवशीचं निवेदन मी मुद्दाम काढून पाहिलं. शक्यता मध्यम होती, आणि पश्चिमेकडे वाऱ्यांतला फरक वाढत जाणार असल्याचं स्पष्ट लिहिलं होतं. बातमीदाराच्या हातात ते आलं असणारच. त्यानं फक्त तापमानाचा आकडा उचलला.

म्हणून माझी विनंती आहे की कमी दाबाच्या प्रत्येक बातमीत तीन ओळी जास्त छापा. पहिली, शक्यता किती आणि किती दिवसांत. दुसरी, त्याला वाढवणारं काय आहे आणि अडवणारं काय आहे. तिसरी, ते वाढलं नाही तरी पाऊस आणि समुद्र कसा असेल. पायऱ्यांचे शब्दही एकदा ठरवून घ्या आणि रोज तेच वापरा: ताशी ३१ किलोमीटरच्या खाली कमी दाबाचं क्षेत्र, ३१ ते ४९ डिप्रेशन, ५० ते ६१ तीव्र डिप्रेशन आणि ६२ पासून पुढे चक्रीवादळ. नाव मिळतं ते या शेवटच्या पायरीवर. १३ देशांनी मिळून केलेली नावांची यादी सर्वांना उपलब्ध आहे, म्हणून पुढचं नाव आधीच छापण्याचा मोह होतो हे मी समजू शकतो. पण नाव छापलं की वाचकाच्या मनात वादळ झालेलंच असतं, आणि ते झालं नाही तर त्याला आपण फसवलं गेल्यासारखं वाटतं.

आणखी एक. क्षेत्र विरलं तर ती बातमी ज्या पानावर सुरू झाली त्याच पानावर संपवा, कारणासह. ‘वरच्या वाऱ्यांनी ढग केंद्रापासून तोडले’ किंवा ‘कोरडी हवा शिरली’ एवढे चार शब्द पुरतात. असं पाच-सहा वेळा वाचलं की वाचक स्वतःच पुढच्या वेळी विचारील की वरचा वारा काय म्हणतोय. माझ्या कॅप्टननं मला हेच असंच शिकवलं, दर वेळी ब्रिजच्या पंखावर नेऊन, आधी खाली मग वर पाहायला लावून. त्याला सात वर्षं लागली. आपल्याकडे लाखो वाचक आहेत आणि रोजचा अंक आहे.

मी रोज सकाळी दिल्लीचं निवेदन वाचतोच. आपल्या बातमीदारांना त्यातला एखादा शब्द सोप्या मराठीत कसा सांगावा असा प्रश्न पडला, तर मी केव्हाही बसून समजावून द्यायला तयार आहे. माझा पत्ता आणि फोन क्रमांक वेगळ्या कागदावर सोबत जोडला आहे, तो छापू नये.

आपला नम्र,
एक निवृत्त व्यापारी जहाज अधिकारी